चौथी खाच

रविवार, ता. ११
सकाळ, ओट्यावर बसून

चि. धाकट्यास,

तुझ्या ताईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या घरातल्या दोघींनाही आशीर्वाद, आणि छोटीला एक जास्तीचा पापा, कारण फोटोत तिचं नाक थेट आपल्या आईचं आलंय.

आम्ही दोघं मजेत. बाबांना एक्याऐंशी लागलं. कानांनी संप पुकारलाय, पण जीभ रोज वेळेवर कामाला हजर असते. सकाळी अंगणात फेऱ्या मारतात आणि किती पावलं झाली ते मला ओरडून सांगतात. मोजणीखात्यातून निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली, पण माणूस काही मोजायचा थांबलेला नाही. माझं म्हणशील तर डोंगरावरच्या वस्त्यांतली गुरं आजारी पडायची थांबत नाहीत, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरणीलाही सुट्टी नाही. गेल्या महिन्यात एका गाईनं मांडीवर अशी लाथ घातली की आठ दिवस लंगडत होते. गाय ठणठणीत आहे.

तर पत्र लिहिण्यास कारण की. या शब्दांपाशी येऊन मी दोनदा उठले आणि दोनदा चहा करून प्याले. फोन करता आला असता, पण फोनवर तू "मी बरा आहे" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

आपल्या जीपची टाकी गळत होती. ती मी दुरुस्त केली, माझ्या स्वतःच्या हातांनी. हे आधी सांगून टाकते, कारण मला त्याचा भयंकर अभिमान वाटतोय, आणि ज्याला त्यातलं कळतं असा आपल्या घरात तूच आहेस.

झालं असं. अगदी वरच्या वस्त्यांवर तीन दिवसांचं लसीकरण ठरलं. तिकडे पंप नाही, म्हणजे टाकी भरूनच निघायला हवं. बाबांचा नियम तुला पाठ आहे: अर्ध्याच्या वर भरायची नाही, चढावर झाकणातून सांडतं, आणि सांडलेलं मोजता येत नाही. इतकी वर्षं मी तो पाळला, कारण माझं काम जवळपासचं होतं. मंगळवारी संध्याकाळी मात्र पहिल्यांदाच गळ्यापर्यंत भरून आणली आणि अंगणात लावली.

बुधवारी सकाळी पाहते तर जीपखाली हे एवढं मोठं थारोळं. तुझ्या वेळची वाळू-खडी आता नाही. तीन वर्षांपूर्वी बाबा घसरले, तेव्हा मी अंगणात फरशी घालून घेतली. खडीनं सगळं गुपचूप पिऊन टाकलं असतं. वासाचं म्हणशील, तर त्या गाडीला पेट्रोलचा वास नव्हता असा दिवस मला तरी आठवत नाही.

मी बाबांना आत थांबवलं, चूल-शेगडी सगळं बंद केलं, फरशीवर मातीची पाटी ओतली आणि ड्रायव्हरची सीट उचलून टाकीत काठी घातली. दोन्ही काटे तुझ्या वेळेपासून मेलेलेच आहेत, इंधनाचाही आणि किलोमीटरचाही. बाबांची ती खाचांची काठी हाच आपला काटा. आठ खाचा, खाचेला पाच लिटर. काठी चौथ्या खाचेपर्यंत ओली निघाली. वर एक नखभर.

पुसून पुन्हा बुडवली. तेवढीच. आणि गळणं तोवर आपोआप थांबलेलं होतं.

चौथी खाच आणि वर एक नखभर, हे मी पूर्वी एकदा पाहिलं होतं. तूही पाहिलं होतंस. पण मी आधी दुरुस्तीचं सांगते, तू थोडं दमानं घे.

आपल्या गल्लीतल्या वेल्डरला बोलावलं. त्याला सगळे ठिणगी म्हणतात. तो फाटकातूनच म्हणाला, "बाई, पेट्रोलच्या टाकीला मी ज्योत लावणार नाही. मला दोन पोरी आहेत." मी म्हटलं, "अरे, मलाही जीव आहे. टाकी धुऊन देते, मग तर बघशील?" तो म्हणाला, "धुतलेल्या टाक्याही उडाल्यात. सोल्डरचा डाग देऊ फार तर. हत्यार मी माझ्या दुकानात तापवून आणतो, पण डाग तुम्ही द्यायचा." म्हटलं, चालेल.

उरलेलं पेट्रोल डब्यांत काढलं. टाकी जागेवर आवळून धरणाऱ्या पट्ट्याचे दोन बोल्ट, त्यातला एक गंजून बसलेला. त्याच्याशी मी तासभर झुंजले, तोंडानंही आणि पान्यानंही. बाबा खुर्ची घेऊन शेजारी बसले होते, हातात टॉर्च, आणि सूचना अखंड चालू. "डावीकडं फिरव." "डावीकडंच फिरवतेय, बाबा!" "मग जोर लाव." शेवटी बोल्ट सुटला आणि माझं कोपर दारावर आपटलं, आणि मी तुझ्या वेळची एक शिवी दिली. बाबांना ऐकू गेली नाही, किंवा गेली.

मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. पाच वेळा धुतली. आत मूठभर नट टाकून टाकी दोघांनी खुळखुळवली, तेव्हा वाटीभर गंज बाहेर आला. वास पुरता गेला. भोक शोधायला मी पट्टा काढणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. आहे तसं मोजू."

तुला ते माहीतच आहेत. पट्टा तसाच आवळलेला, त्याखालचं जाड लोकरी कापड तसंच, टाकी बाकावर सपाट, आणि आत पाणी, बरोबर आठव्या खाचेपर्यंत. बुधवारी संध्याकाळी सातला. गुरुवारी सकाळी सहाला मी बाहेर आले तेव्हा ते माझ्या आधी तिथं होते. काठी तीनदा बुडवून झाली होती. मला दाखवली.

चौथी खाच. वर एक नखभर.

मग पट्टा काढला. कापडाखाली, टाकीच्या शिवणीवर, तांदळाच्या दाण्याएवढी चीर होती. बरोबर मधोमध. टाकी अर्ध्याखाली असली तर ती चीर नसल्यासारखीच. आपण सगळे अर्ध्याखालीच राहत होतो. फक्त एकानं, एकदाच, बाबांना दुसऱ्या दिवशी लांबच्या मोजणीला जायचं होतं म्हणून, त्यांना खूश करायला, ती पूर्ण भरून आणली होती. तो तू.

त्या सकाळचं मी तुला काय सांगणार? तू एकोणीस वर्षांचा होतास आणि अंगणात अनवाणी उभा होतास. बाबा काठी हातात धरून हिशेब सांगत होते: वीस लिटर कमी, लिटरला आठ किलोमीटर, रात्रीत एकशे साठ किलोमीटर कुठं भटकून आलास? तू म्हणत होतास, टाकी मी भरली होती, मी कुठं गेलो नाही. बाबा म्हणाले, काठी खोटं बोलत नाही. मग त्यांनी मला हाक मारली. "तू सांग. रात्री गाडी गेल्याचा आवाज ऐकलास?"

आणि मी म्हटलं, "हो."

तू तेव्हा माझ्याकडे पाहिलंस. आई गेल्यावर तुला जिनं जेवू घातलं, तिच्याकडे पाहतात तसं नाही. त्याच दिवशी तू गेलास.

धाकट्या, गुरुवारी ती चीर बघून झाल्यावर बाबांनी काठी पुसून बाजूला ठेवली. मग माझ्याकडे वळून त्यांनी साधाच प्रश्न विचारला. "मग तू ऐकलीस ती गाडी कोणाची?"

बावीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. रस्त्यावरची दुसरी कुठली तरी, असं सांगता आलं असतं. तूही इतकी वर्षं तसंच धरून चालला असशील, की ताईच्या कानांची चूक झाली. चूक झाली नव्हती. मी काहीच ऐकलं नव्हतं. मी गाढ झोपले होते.

का म्हटलं हो, ते सांगते. काठी खोटं बोलत नाही असं मलाही वाटत होतं, म्हणून जे घडलंच आहे त्याची फक्त साक्ष देतेय, अशी मी मनाची समजूत घातली. हे खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं की, आदल्या आठवड्यात बाबांनी जीपची किल्ली तुझ्या हातात ठेवली होती. मला नवी नोकरी लागली होती, मी पिशवी खांद्याला लावून पायी वस्त्यांवर जात होते, आणि मला कधी त्या स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. मला राग होता. तू घर सोडून जावंस असं मला वाटत नव्हतं रे, शप्पथ. चार दिवस किल्ली काढून घेतील, एवढंच वाटलं होतं. किल्ली मला मिळाली, आणि तू गेलास.

आज डोंगरावर लहान पोरंसुद्धा मला जीपवाली डॉक्टरीण म्हणतात. दरडी कोसळलेल्या वाटांवरून मी ती गाडी काढलीय, अडलेल्या गाई सोडवल्यात, एकदा तर एक बाळंतीण खाली आणलीय. मला या सगळ्याचा अभिमान आहे आणि तो मी खोटा म्हणणार नाही. पण ज्या सीटवर बसून तो मिळवला, ती तुझी होती.

बाबांना मी सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं नाही. आपला गुन्हा ओरडून सांगायचा म्हणजे काय असतं, ते मी त्या दिवशी शिकले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "काठी मी वाचली. चुकीची मी वाचली. तू नुसती खाली सही केलीस." मग थोड्या वेळानं, "त्याला तू कळव. माझ्या नावावर ढकलू नकोस."

डाग मी दिला. टाकी आडवी केली, चीर वर, आत जवळजवळ काठोकाठ पाणी. ठिणगी हत्यार तापवून पळत आणायचा आणि फाटकात माझ्या हाती द्यायचा. चौथ्या फेरीला डाग असा बसला, की तो स्वतः आत येऊन त्यावर बोट फिरवून गेला. म्हणाला, "बाई, टाका तुमचाच." गाईंची पोटं उगाच नाही शिवत इतकी वर्षं! पुन्हा आठव्या खाचेपर्यंत पाणी भरलं. दुसऱ्या सकाळी आठवी खाच. नखभरही कमी नाही.

आणि आता बाबांचं ऐक. तुझं नाव ज्यांनी बावीस वर्षं घेतलं नाही, ते गृहस्थ शुक्रवारपासून गल्लीत हिंडतायत. वेल्डर झाला, पोस्टमन झाला, दूधवाला झाला. ज्याला त्याला थांबवून सांगतात, "माझा मुलगा खरं बोलत होता. मोजून सांगतो." पंपावर स्वतः आले माझ्याबरोबर, काठी घेऊन. पंपवाल्याला म्हणाले, "पूर्ण भर. माझ्या मुलानं भरली होती तशी." इतक्या ताठ मानेनं म्हणाले, की मी तोंड फिरवून काच पुसत बसले.

सोबत एक कागद आहे. तो नीट उघड, घडीवर फाटेल. जमिनीची मोजणी करून देत तसा पक्क्या शाईत केलाय: तारीख, वेळ, खाच, टाकीची आकृती, चीर कुठं ते बाणानं. खाली लिहिलंय, "पूर्वीची मोजणी चुकीची होती. ती रद्द." त्याखाली मोजणीदार म्हणून त्यांची सही. मोजणीला साक्षीदार लागतो हे तुला माहीत आहे. ती दुसरी सही माझी आहे. या वेळी मी जागी होते.

आता शेवटचं. बाबांनी नकाशा काढून बसून मोजलं. आपल्या दारापासून तुझ्या दारापर्यंत तीनशे सात किलोमीटर. भरल्या टाकीत तीनशे वीस. मी म्हटलं, "बाबा, आणि परत यायचं?" ते म्हणाले, "परतीची टाकी तो भरेल. काठी घालून बघणार नाही मी."

ते "येऊ का" असं विचारणाऱ्यातले नाहीत. मी विचारते. लसीकरण आटपून पुढच्या रविवारी आम्ही निघू शकतो. तू दुसऱ्यांची चाळीस पोरं रोज बसमधून सुखरूप घरी पोचवतोस, त्यांचे आईबाप तुझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकतात. मी टाकला नाही. माझ्यासाठी दार उघडायचं नसेल तर मी गाडीतच बसून राहीन, पण बाबांना आत घे. उत्तरात नुसतं "मी बरा आहे" लिहू नकोस. या किंवा येऊ नका, एवढं लिही.

पहिल्या तीन वर्षांत तुझी सहा पत्रं आली होती. प्रत्येकात सहीच्या वर एकच ओळ असायची. मग तू ती लिहायची सोडून दिलीस. सहाही पत्रं माझ्याकडे आहेत आणि एकाचंही उत्तर मी दिलेलं नाही. ते आता देते.

टाकी तू भरली होतीस.

तुझी,
ताई