चाळीस कुंड्यांत तांबडा माठ

पिंपरी, चैत्र, सन १९५६

तीर्थरूप दादांस, मालोजीचा नमस्कार (हात धुऊन मगच लिहायला बसलो आहे). तुमची कंबर कशी आहे? मी ठीक. कंपनीत माळी होऊन तीन महिने झाले, अजून कच्चाच आहे. पक्का करायचं की घालवायचं, ते हापिसातल्या नानासाहेबांच्या हाती.

गेल्या मंगळवारी त्यांचा हुकूम झाला, की सोमवारी दिल्लीचे पाहुणे येणार, तोवर दारातल्या चाळीस कुंड्यांतली थंडीची फुलझाडं काढून उन्हाळी लावा. डाव्या रांगेत जे, तेच उजव्या. झाडं वाळलीच होती, पण काही अजून एखादं फूल धरून होती. बसल्या म्हाताऱ्याला जागेवरून उठवावं तसं वाटलं. उपटली. मग जेवायला गेलो, तेवढ्यात झिनियाची तयार रोपं कुणाच्या तरी शेळीनं फस्त केली. खोलीमागं, निघताना तुम्ही पुडीत दिलेल्या बियांचा तांबडा माठ वीतभर झाला होता. तोच सगळ्या कुंड्यांत लावला. संध्याकाळपर्यंत त्यानं माना टाकल्या. नानासाहेब म्हणाले, "हे काय?" मी म्हणालो, "परक्या मातीत रुळायला दोन दिवस लागतात, साहेब." (बोलल्यावर माझं मलाच काहीतरी वाटलं.)

सोमवारी दोन्ही रांगा लालभडक. पाहुण्यांनी झाडाचं नाव विचारलं. नानासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. एखादं इंग्रजी नाव सुचेना, म्हणून सांगितलं, "माठ." नानासाहेबही त्याच रंगाचे झाले. पाहुणे वाकले, पान चुरगळून हुंगलं. मग म्हणाले, "कराडला आमची आई करायची. लसूण जास्त घालून." जाताना एक जुडी मागितली, ती मी उजवीकडच्या एका कुंडीतून खुडून दिली. मोटार वळल्यावर नानासाहेबांनी समोरची डावीकडची कुंडी स्वतः खुडली (रांगा सारख्या दिसायला हव्यात), जुडी रुमालात बांधली आणि म्हणाले, "एक तारखेपासून पक्का."

तुमचा
मालोजी

ता. क. नानासाहेबांना परसात लावायला माठाचं बी हवंय.

ता. क. दुसरा. बी राहू द्या, तुम्हीच या. मोतीबिंदूनं तुम्हाला अक्षर दिसेनासं झालंय हे गावच्या माणसाकडून कळलं, तुमच्याकडून नाही. पुण्याच्या डॉक्टरांना विचारून ठेवलंय. पक्क्या माणसाला रजा मिळते.

ता. क. तिसरा. पत्र शेजारच्या यशोदाबाई वाचून दाखवत असतील. बाई, हे मनातल्या मनात वाचा. दादा नको म्हणतील. त्यांना रविवारी तळेगावला गाडीत बसवून द्या. पिंपरीला मी उभा असेन. आत्ता त्यांना सांगा, पत्र संपलं.