डाव्या चाकाबद्दल लेखी जबाब हवा

रविवार, दिनांक ११ जानेवारी, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. या घटकेला माझ्या गाडीचे पुढचे डावे चाक वाकडे झाले, आणि ते तू केलेस.

चिरंजीव बाळ्या, तुझी प्रकृती ठीक असेल असे धरून चालते. गुडघा दुखतो म्हणत होतास. अजून दुखत असेल तर दुखू दे, माझ्या अंगणात चाकासमोर लोळलास त्याचे ते फळ आहे. तुझ्या सौभाग्यवतीला आशीर्वाद सांग (तिच्याकडे मी पुढे येतेच आहे). माझे डोळे, कान, गुडघे आणि स्मरणशक्ती जागच्या जागी आहेत. हे मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या भाच्याला, म्हणजे माझ्या एकुलत्या एका चिरंजीवांना, ते मान्य नाही. येत्या शनिवारी संध्याकाळी ते येणार आहेत आणि जाताना माझ्या गाडीची चावी खिशात घालून नेणार आहेत. गाडी विकायची म्हणे. आईला आता सरळ चालवता येत नाही म्हणे.

तुला सोयीचे नसलेले काही आठवत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. गाडी जुनी, यांनी घेतलेली, पुढचे सस्पेन्शन पार खिळखिळे झालेले. गतिरोधकावरून गेले की भांड्यांचे कपाट जिन्यावरून गडगडत आल्यासारखा आवाज व्हायचा. गॅरेजवाल्याने शॉक अ‍ॅब्सॉर्बर, रबरी बुश, स्टिअरिंगचे सांधे, सगळे नवे घातले आणि बजावले, "काकू, सगळं खोललं होतं. आता मशीनवर अलाइनमेंट करून चाकं सरळ करून घ्या. तोवर लांब कुठं जाऊ नका." यात न कळण्यासारखे काय आहे? पण त्या रविवारी तू सपत्नीक जेवायला आलास आणि म्हणालास, "मशीन कशाला ताई? दोरीने होतं. आम्ही कारखान्यात काय काय दोरीने सरळ केलंय!" (तुझ्या कारखान्यात साबणाच्या वड्या होत असत. पण ते असो.)

तुझी पद्धत माझ्या चांगली लक्षात आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्यावर येईल एवढ्या उंचीवर, गाडीला समांतर अशी एकेक दोरी ताणायची. मग पुढच्या चाकाची पुढची कड आणि मागची कड दोरीपासून सारख्या अंतरावर येईपर्यंत आतला दांडा पिळायचा. कल्पना वाईट नव्हती, हे मी कबूल करते. पण दोऱ्या बांधायला तू घेतलेस काय? माझ्या अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या! मला आत बसवून स्टिअरिंग सरळ धरून ठेवायला सांगितलेस. मी धरले. डोक्यावर पुस्तक ठेवून सरळ रेषेत चालायला लावणाऱ्या कॉन्व्हेंटातली मुलगी मी, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत इस्पितळात मेट्रन. हलू नकोस म्हटल्यावर मी नाकसुद्धा खाजवत नाही. उजवे चाक झाले, तू कपडे झटकलेस आणि चहा मागितलास. मी हलू शकत नव्हते, म्हणून चहा तुझ्या बायकोने केला, तिनेच बाहेर आणला, आणि आपला कप घेऊन ती बसली. कुठे बसली?

डावीकडच्या पुढच्या खुर्चीवर! तिथे ऊन आले होते, म्हणून ती खुर्ची तिने आधी गाडीपासून लांब, झाडाच्या सावलीत सरकवली. दोरीसकट. (मी समोर पाहत होते. बाजूला पाहायला मला कुणी सांगितले नव्हते.) त्या ओढीने दोरी आणखी ताठ झाली आणि तुला ती आणखीच आवडली. चहा संपवून तू त्याच दोरीप्रमाणे डावे चाक 'सरळ' केलेस, हात पुसलेस आणि म्हणालास, "घे ताई, आता डोळे मिटून चालव."

दुसऱ्या दिवशी डोळे उघडे ठेवून निघाले. स्टिअरिंग सरळ धरले की गाडी डावीकडे जाई, घरी काहीतरी विसरल्यासारखी. गाडी सरळ न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे वळवून धरायचे. आता बघणाऱ्याला काय दिसणार? म्हातारी सरळ रस्त्यावर वळण घेत चालली आहे! कोपऱ्यावरचा भाजीवाला माझी गाडी दिसली की हातगाडी फुटपाथवर चढवायला लागला. शाळेच्या बसचा ड्रायव्हर मला हात जोडून आधी वाट देऊ लागला (मी तो सभ्यपणा समजत होते). आणि समोरच्या गॅलरीत दिवसभर कोपर टेकून उभे राहणारे ते बँकेचे माजी मॅनेजर, त्यांनी माझ्या मुलाला फोन केला. त्यांना दुसरे काम नाही. स्वतःच्या बायकोकडे पाहिले असते एवढे, तर त्या बाईचा संसार सुखाचा झाला असता.

मुलाचा फोन आला. आवाज अगदी मऊ. रोग्याला वाईट बातमी द्यायची असली की आमचे मोठे डॉक्टर असाच आवाज लावत. "आई, तुझं हल्ली डावीकडे लक्ष नसतं का गं?" मी म्हणाले, वाकडे चाक आहे, मी नाही. तो म्हणाला, "बरं, बरं." ज्या मुलाला मी बूट कुठल्या पायात घालायचा ते शिकवले, त्याचे ते बरं-बरं ऐकून माझे पित्त खवळले. म्हणून मी तुला फोन केला, सख्ख्या भावाला, की बाबा रे, खरे काय ते त्याला सांग. तर तू म्हणालास, "दोरी चुकत नसते ताई. तूच स्टिअरिंग हलवलं असशील." मी! हलवले!

मग गेले मशीनवर. त्या माणसाने चारही चाकांना चिमटे लावले, पडद्यावर लाल आकडे उमटले, आणि तो म्हणाला, "मावशी, उजवं चाक ठीक आहे. हे डावं कुठं निघालं होतं?" मी म्हणाले, माहेरी. "कुणी केलं हो असं?" म्हणून त्याने विचारले, तेव्हा तुझे नाव माझ्या ओठांवर आले होते, पण परक्यासमोर घराण्याची शोभा नको म्हणून गिळले. त्याने डावीकडचा दांडा फिरवून आकडे हिरवे केले आणि गाडी सुतासारखी सरळ झाली. आणि इथेच मी फसले, बाळ्या. आता मुलगा येणार, गाडी चालवून पाहणार आणि म्हणणार, "गाडी तर सरळ जातेय आई!" म्हणजे वाकडी कोण होती?

पुरावा म्हणून उरली आहे ती खुर्ची. ती मी झाडाखालून हलवू दिलेली नाही, गाठ अजून तशीच आहे. तुझ्या बायकोला फोनवर विचारले, तेव्हा ती गोड आवाजात म्हणाली, "ऊन आलं होतं ना हो ताई, थोडीशीच तर सरकवली." तिने निदान खरे सांगितले. पण माझ्या मुलाला मामाचाच शब्द पटतो. लहानपणी तू त्याचे सगळे पतंग उडवून दिलेस आणि तरी तो तुलाच हुशार समजतो. तेव्हा माझी मागणी साधी आहे. पांढऱ्या कागदावर, वाचता येईल अशा अक्षरात लिही, की चाक तू वाकडे केलेस, खुर्ची तुझ्या बायकोने सरकवली, आणि ताईने स्टिअरिंग तसूभर हलवले नाही. खाली सही. हे पत्र मी स्वतः तुझ्या पेटीत टाकणार आहे, गाडीने येऊन.

तुझी, सरळ बसलेली आणि सरळच चालवणारी,
ताई

ता. क. (हे तुझ्या फाटकापाशी, गाडीत बसूनच लिहिते.) तुझ्या फाटकाचा डावा खांब जरा खरवडलेला दिसेल. तो रस्त्यात फार पुढे आलेला आहे. तुझ्या जबाबात खांबाचा उल्लेख नको.

आणखी एक ता. क. शनिवारी सकाळी दहाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे आहे. काही विशेष नाही, डाव्या डोळ्यापुढे हल्ली जरा धुके येते. मुलाला त्याआधी कळता कामा नये. काय ते कळल्यावर मीच सांगेन. ते डोळ्यांत थेंब घालतात, मग दोन-तीन तास नीट दिसत नाही. जाताना तूच माझ्या शेजारी बसून डावीकडे पाहा. येताना तू चालव. हे गेल्यापासून या गाडीची चावी मी कुणाला दिलेली नाही, तेव्हा उगाच फुशारू नकोस, आणि वाटेत काही सरळ करायला जाऊ नकोस. येतोस की नाही ते शुक्रवारी दुपारी बाराच्या आत लेखी कळव. फोनवर नको, फोनवर तू मला लगेच विचारशील, ताई घाबरलीस का, आणि मी नाही म्हणेन.