रिकामा दाखवलेला किनारा

ती. दादास गुरुनाथचा पुण्याहून साष्टांग नमस्कार.

सोमवारी सकाळी खोलीतल्या तसबिरीपुढे आपल्या वेतोबाला गाऱ्हाणं घालूनच वर्गात गेलो. तब्येत ठीक आहे. आईचा खोकला थांबला का?

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्रात एका परदेशी हॉटेलसाठी आम्ही अहवाल करत होतो. त्यात आपल्या शिरोड्याच्या किनाऱ्यावरची रापणीचं जाळं ओढायची जागा 'रिकामी' दाखवली आहे. मी सांगितलं, "आमच्यात ज्याचो दोराक हात लागलो, त्याका वाटो. म्हणजे जाळं ओढेल त्याला मासळीत वाटा." वर्गात वयानं मीच मोठा; एक मुलगी म्हणाली, "काका, सातबारा कोणाच्या नावावर?" सगळे हसले.

मी गावचा, म्हणून केंद्राला अहवालावर माझी सही हवी होती. सहीशिवाय माझं एमबीए पुरं होणार नव्हतं. अहवाल माझ्यावाचूनही पुढे जाईल. वाडीत रापण ओढणाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेव.

काल मी सही नाकारली आणि अभ्यासक्रमातून नाव काढून घेतलं.

तुझा धाकटा,
गुरू