कुलपात ठेवलेलं पिवळं कार्ड

प्रिय गोरक्ष,

प्रिय लिहिताना हात अडला, पण पाठच्या भावाला दुसरं काय लिहितात ते मला माहीत नाही. तीन दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या दाजींबरोबर काष्टीला पाठवते आहे. आई जिवंत आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

जरा आठव. जन्मात विडी न ओढलेल्या बाईला खोकला लागला, तेव्हा आपण सगळे टीबी म्हणून मोकळे झालो. थुंकीत काही सापडलं नाही, तरी चार महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. मग छातीत पाणी झालं. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासला आणि फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. तंबाखूला हातही न लावलेल्या, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या कितीतरी बायकांना हा होतो, असं त्या म्हणाल्या. तेव्हा तू ढसाढसा रडलास. ते रडणं खरं होतं, एवढं मी मान्य करते.

इम्युनोथेरपी म्हणजे काय, हेही त्यांनी आपल्याला समोर बसवून समजावलं होतं. कॅन्सर शरीराच्या राखणदारांना झोपवून ठेवतो, हे औषध त्यांना जागं करतं. पण जागे झालेले राखणदार कधीकधी घरच्यांवरच उठतात, आतड्यांवर नाहीतर चांगल्या फुफ्फुसावर. म्हणून हे औषध चालू असल्याचं पिवळं कार्ड त्यांनी दिलं. साधे जुलाब झाले तरी कुठल्याही डॉक्टरला आधी हे दाखवायचं, असं दोनदा बजावलं. तिसऱ्या सलाईननंतर गाठ निम्म्याहून लहान झाली. बाजारच्या दिवशी आई स्वतः चालत जाऊन मेथीची जुडी घेऊन आली.

आणि तू काय केलंस? तुझ्या रेश्माचं लग्न जमत आलं तसा तुला आईचा आजार खुपायला लागला. आजीला कॅन्सर आहे कळलं तर सोयरे मागे फिरतील, म्हणून ते कार्ड तू कपाटात कुलूपबंद केलंस आणि गावभर दमा सांगत सुटलास. लाज कशी वाटली नाही रे तुला?

रेश्माची सुपारी फुटायच्या आठवड्यात आईला जुलाब सुरू झाले, दिवसाला दहा-बारा वेळा. गावच्या कानिफनाथ डॉक्टरांनी सरळ विचारलं, ‘मावशी, दुसरं कुठलं औषध चालू हाय का?’ आई तोंड उघडायच्या आत तूच म्हणालास, ‘न्हाई ओ, बीपीची गोळी तेवढी. तेलकट बाधलं आसंल.’ त्यांचा कंपाउंडर सोयऱ्यांच्या गावचा, एवढीच तुझी अडचण. त्या भल्या माणसाने जुलाब थांबायच्या गोळ्या दिल्या. सहा दिवस आई अंथरुणात विरत गेली. सातव्या दिवशी, सुपारीची पंगत उठत असताना, तिला रक्त पडलं आणि मी तिला गाडीत घालून नगरला आणलं. तू पाहुण्यांना पान देत होतास.

स्टेरॉइडवर आई वाचली. दुसऱ्याच दिवशी आणली असती तर लवकर आवरलं असतं, औषधही कदाचित पुन्हा सुरू करता आलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता ते कधीच द्यायचं नाही. गाठ अशीच गप्प राहील की वाढेल, हे त्याही सांगू शकत नाहीत. गुण देणारं औषध तू बंद पाडलंस, गोरक्ष.

कार्ड का दाखवलं नाही, असं त्यांनी मला विचारलं. हरवलं, असं मी म्हणाले. हे तुझ्यासाठी म्हणाले असं समजू नकोस. कानिफनाथ डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी आईच्या उशाशीच उभी होते. कार्ड कुठे आहे ते मला माहीत होतं. मी खाली बघितलं, कारण रेश्माचं स्थळ मलाही घालवायचं नव्हतं. सहा दिवस मी आईची लुगडी धुतली आणि गप्प राहिले. उद्या अकरा वाजता डॉक्टरीणबाई आईला औषध थांबल्याचं सांगणार आहेत. ती का म्हणून विचारेल, आणि मी सगळं सांगणार आहे, तुझं आणि माझंही. दाजींच्या गाडीत बसून ये. तुझं तोंड बघायची मला इच्छा नाही, तरी ये. मी सांगत असेन तेव्हा ती माझ्याकडे बघणार नाही. तू आलास का म्हणून दाराकडे बघेल.

राग न गेलेली, पण तुझीच,
अक्का