मोहरीचा पाला

चारठाणा, पौष शुद्ध षष्ठी, शके १८६५

मोहरीच्या वाफ्यात या वर्षी शेणखत दुप्पट घातले, ते जाणूनबुजून. अति खताने पाला माजतो आणि शेंगा कमी धरतात, हे मला ठाऊक होते. परंतु पालमला दिलेल्या आमच्या गोदूला मोहरीची कोवळी भाजी आवडते, आणि ती संक्रांतीला येणार होती. आज निरोप आला: सासूबाई आजारी आहेत, सवड होताच येईल.

सवड म्हणजे कधी?

वाफ्यात फुले दिसू लागली. फुलल्यावर पाला राठ होतो. गडी किसन म्हणाला, "अण्णा, आता तेलापुरत्या शेंगा तरी धरू द्या. पाला का घाण्यात घालायचा हाय?"

त्याचा युक्तिवाद निर्दोष आहे. तरीही मी शेंडे खुडावयास सांगितले. खुडल्यावर पुन्हा कोवळे फुटवे येतात. निदान ते राठ होण्यापूर्वी...