मरियामातेच्या झग्याबाहेर

१८ मार्च
पोचलो एकदाचा रास अल खैमात! शारजात रोल्ला भागातल्या खोलीत दाटीवाटीनं दोन वर्षं काढली, दुकानांच्या पाट्या रंगवत. आता स्वतःची खोली आणि मनाजोगतं काम. वसईत चर्चचे पुतळे रंगवणारा हा रॉयडन आता फरशांवर चित्र काढणार. एका हॉटेलाला इटलीतल्या जुन्या चर्चची अख्खी भिंत हवी आहे, जशीच्या तशी. तिच्यावरच्या चित्रात मरियामातेनं निळा झगा पसरलाय आणि त्याखाली सगळं गाव उभं आहे. भट्टी सांभाळणारा खैरुद्दीन म्हणाला की यल्ला, ईदच्या आत खलास करू. बडबड्या आहे, माझं जमेल.

२४ मार्च
हॉटेलची ईशानी चित्राचा इतिहास सांगून गेली. त्या गावात प्लेग आला तेव्हा लोकांनी दारं लावून घेतली. एक बाई बाहेर राहिली. तिच्या घरच्यांनीसुद्धा दार उघडलं नाही. चित्रकारानं तिला कोपऱ्यात काढलंय, झग्याबाहेर, पाठमोरी. हे चित्र तिथं कधीच झाकत नाहीत म्हणे. मातेची नजर आहे तोवरच ती बाई बाहेर राहते. ईशानी हसली, मीही हसलो.

२८ मार्च
झग्याखालच्या तिघांना बायकोचा, म्हणजे सँड्राचा, आमच्या लेकीचा, इनेजचा आणि माझा चेहरा दिला. इटलीहून कोण तपासायला येतंय! दोघी वसईहून ईस्टरच्या आदल्या दिवशी येताहेत, कायमच्या. याच दिवसासाठी तर सगळी उरस्फोड केली. शेवटच्या फरशाही भाजून झाल्या; शेडमध्ये अख्खी भिंत जोडून उभी केली.

२ एप्रिल
खैरुद्दीन ईदला गावी गेला. एवढी मोठी शेड, आत मी एकटा. खायला उठते. डबा भिंतीसमोर बसून खातो आणि चित्रातल्या सँड्राशी बोलतो.

६ एप्रिल
उपवासकाळाचा पाचवा रविवार. आमच्या चर्चमध्ये आजपासून पुतळे जांभळ्या कापडानं झाकतात. ते काम माझी आई दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. मातेला उघडं ठेवणं माझ्या जिवावर आलं. ईशानीचं बोलणं आठवलं, पण ती तिकडची रीत. रोल्लाहून आणलेल्या कापडानं भिंत झाकली. बरं वाटलं.

९ एप्रिल
कंपनीची बस मला न घेताच गेली. मी थांब्यावर उभा होतो, हातही केला. ड्रायव्हर नोमानला फोनवर झापलं, तर म्हणतो तिथं कुणीच नव्हतं.

१३ एप्रिल
चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी फादरनी मला वगळून मागच्याला कम्युनियनची भाकर दिली. व्हिडिओ कॉलवर सँड्रा सारखी म्हणत होती की नुसती खोली दिसतेय, तू कुठायस. मला भीती वाटते आहे.

१४ एप्रिल
कापड काढलं. कोपऱ्यात ती बाई नाही — ती झग्याखाली आहे. सँड्रा आणि इनेजच्या मध्ये, माझ्या जागी. हसते आहे.
कोपऱ्यात एक पुरुष. पाठमोरा. शर्ट माझा आहे.
घासलं, खरवडलं. भाजलेला रंग निघत नाही —

१७ एप्रिल
खैरुद्दीन परत आला. माझ्या नावानं हाका मारत शेडभर फिरला. मी त्याच्या शेजारी उभा राहून ओ देत होतो —

१९ एप्रिल
विमानतळ. सँड्रा माझ्या अगदी जवळून गेली. इनेजचा हात धरला, तर तिनं माशी बसल्यासारखा झटकला.
त्यांना न्यायला ती चित्रातली बाई आली होती. इनेज पळत जाऊन तिला बिलगली.
माझ्या खोलीची किल्लीही तिच्याकडेच. दार लागलं.
बाहेर बसलोय. आतून सँड्राच्या मसाल्याचा वास येतोय. खूप ठोठावलं. शेवटी इनेजनं दार उघडलं. माझ्या मागच्या जिन्याकडे बघितलं आणि आत ओरडली, "मम्मा, देअर्स नोबडी!"
तिच्या मागे ती येऊन उभी राहिली आहे. ती मला बघते आहे. तिला मी दिसतो —
इनेज, डॅडा आहे गं. दार लावू नकोस. इनेज, दार ला