ग्राँ मिस्येंनी न दिलेला नारळ

सें पिएर, १९८५

प्रिय बाबा,

उद्या आमच्या विद्यापीठात नव्या ऊस-प्रयोगशाळेचं उद्घाटन आहे. इमारत कुणी दिली, ठाऊक आहे? तुमच्या ग्राँ मिस्येंनी! हो, आपल्या गावच्या साखर कारखान्याचे तेच मोठे मालक. हल्ली ते विद्यापीठाच्या मंडळावरही आहेत. आणि आभाराचे चार शब्द बोलायला निवड झालीय माझी, का तर मी त्यांच्याच गावची. आता तुम्हाला नाही लिहायचं तर कुणाला?

दुपारपासून तो एकच गणपती आठवतोय. गणपतीतल्या आपल्या झाकरी नाचाचा रिवाज तो! ढोलकीवर फेर धरायचा आणि गाण्यातून कुणालाही चिमटा काढायचा. ज्याला चिमटा बसला त्यानं रागवायचं नाही, उठून गाणाऱ्याच्या हाती नारळ द्यायचा. दुकानदारानं दिला, पुजाऱ्यानं दिला. आईच्या खारट डाळीवर गायलात तेव्हा तिनंही दिला, आणि मग दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही.

त्या वर्षी ग्राँ मिस्ये पहिल्यांदाच आले होते. माझ्या परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती त्यांच्याच हातात होती. यंदा कारखान्यावर गाऊ नका, म्हणून सगळं गाव तुम्हाला विनवत होतं. तुम्ही नेमकं तेच गायलात. ऊस आमचा, त्यात साखर किती हे तपासणारा माणूस मात्र तुमचा, मग दरवर्षी आमचाच ऊस फिका कसा? मालकांना मराठी कळत नव्हतं, म्हणून कारकुनानं ते त्यांच्या कानात क्रिओलमध्ये, आपल्या बेटावरच्या फ्रेंच वळणाच्या बोलीत, सांगितलं. ते उठले. नारळ समोर तबकातच होता. त्याला हात न लावता ते मोटारीत बसून निघून गेले.

शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाला मिळाली. मी बसचे धक्के खात इथल्याच विद्यापीठात शिकले. तुमचा किती राग आला होता म्हणून सांगू! एक वर्ष जीभ आवरली असती तर काय बिघडलं असतं?

तुम्ही उत्तर दिलंत ते थेट शेवटच्या आजारपणात. मी उशी सारखी करत होते. "मी गप बसलो असतो तर तुला मिळाली असती, बाय. पन मग तू बापाकडनं काय शिकली असतीस? गप बसायला?" आणि वर आपलं नेहमीचं "सा मेम", म्हणजे झालं, एवढंच. मला ते तेव्हा पटलं नव्हतं.

आता गंमत बघा. मी आता इथेच शिकवते, आणि माझ्या कायमच्या नेमणुकीचा निर्णय त्यांच्याच मंडळाच्या हातात आहे. विद्यार्थी मालकांविरुद्ध पत्रकं वाटताहेत, म्हणून विभागप्रमुखांनी काल मला चहाला बोलावलं. तुम्ही तेवढं गोड बोला, देणाऱ्याच्या दारात भांडू नये, म्हणाले. माणूस वाईट नाही तो. पण देणगी घेतली की तोंड बंद, असं कधी ठरलं होतं? आणि खरं सांगू का, इमारत चांगली आहे हो. यंत्रं नवी आहेत, मुलं शिकतील. ती नको म्हणावी असं मला वाटत नाही, म्हणून तर जीव जास्त अडकतो.

मलाही आता मुलगी आहे. भीती वाटते. तुम्हालाही त्या दिवशी वाटली होती का? तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मीही रागाच्या भरात विचारलं नाही.

उद्या मी आधी मनापासून आभार मानेन. मग सगळ्यांसमोर विचारेन की लहान शेतकऱ्याला आपला ऊस इथे आणून तपासून घेता येईल का. तुमचं गाणं आधी मराठीत म्हणेन, मग क्रिओलमध्ये, म्हणजे कुणाला कानात सांगायला नको. पिशवीत नारळ घातलाय. तो त्यांच्यापुढे ठेवेन, आणि ते उचलून माझ्या हाती देईपर्यंत मी खाली बसणार नाही. हा माझा शब्द.

तुमची बाय,
सुनंदा